फरक नाही

१

मंगळवार हा मोजमापाचा दिवस. मैदानाच्या पायऱ्यांखाली तिरक्या छताची एक खोली होती. तिच्यात एक उंच पलंग, दोन खुर्च्या, बर्फाची पेटी आणि भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचा तक्ता. तक्त्यातल्या त्या माणसाला खेळाडू ‘साहेब’ म्हणत, कारण तो सगळं बघायचा आणि कधी काही बोलायचा नाही. खोली सांभाळणाऱ्या फिजिओला सगळं मैदान ‘ताई’ म्हणायचं. सख्खी ताई मात्र ती एकाचीच होती, बारक्याची.

बारक्या नऊ वर्षांचा असताना कसल्याशा तापाने सहा महिने अंथरुणाला खिळला होता. पायांतलं बळच गेलं. ताई शाळेतून आली की दप्तर फेकून त्याचे पाय चोळत बसायची, गुडघे वाकवायची, सरळ करायची, आणि तो गल्लीला ऐकू जाईल असा केकाटायचा. ताप गेला, पाय चालू झाले, अंग मात्र किडकिडीतच राहिलं, म्हणून नाव पडलं बारक्या. तोच पुढे दीड हजार मीटर पळायला लागला, आणि लोकांचे पाय चोळणं हा ताईचा धंदा झाला. आई म्हणायची, “एका तापाने दोघांना कामाला लावलं.”

आठ महिन्यांपूर्वी, शर्यतीच्या शेवटच्या वळणावर, बारक्याच्या उजव्या टाचेमागचा टेंडन तुटला. ऑपरेशन झालं, अकरा टाके पडले, प्लास्टर आलं आणि गेलं. आता निवड चाचणी दहा आठवड्यांवर आली होती. पुढची चार वर्षांनी, आणि तेव्हा बारक्या एकतीस वर्षांचा असणार. म्हणजे हीच काय ती एक. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण तिघंही जेवताना एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवत होते.

ताईची मोजायची पद्धत साधी होती. गुडघ्याखाली चार बोटं सोडून दुखऱ्या पायाची पोटरी टेपने मोजायची, मग चांगल्या पायाची तिथेच मोजायची, आणि दोन्हींतलं अंतर वहीत लिहायचं. ‘फरक तीन.’ ‘फरक अडीच.’ चांगला पाय हीच फूटपट्टी. ज्या दिवशी वहीत ‘फरक नाही’ असं लिहिलं जाई, त्या दिवशी खेळाडूची सुटका. एकदा आईने कुणा लांब उडीवाल्याची वही चाळली आणि कपाळावर हात मारला. “अगं, फरक नाही? चार महिने पोराला रगडतेस, आणि फरक नाही म्हणून लिहून ठेवतेस?” तिला समजावता समजावता ताईची हसून पुरेवाट झाली होती.

२

डबा सरांनी आणला. सर म्हणजे बारक्याचे प्रशिक्षक. माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्यांचं ताईला पहिल्यापासून वावडं.

डब्यात अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या होत्या, वर रबरी बूच, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. सर म्हणाले, “पेप्टाइड आहे. पाण्यात विरघळवायचं, रोज सकाळी मांडीत एक बारीकशी सुई. बाहेरचं काही नाही हो, शरीराच्याच जातीचं आहे. जखमेला जाऊन सांगतं, बरी हो.”

“आणि जखम ऐकते?”

“ऐकते.”

ताईने चष्मा चढवला. लेबलावर औषधाचं नाव नव्हतं, कंपनीचं नव्हतं. एक आकडा होता आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, मानवी वापरासाठी नाही.

“हे काय?”

“ते लिहावं लागतं. कायद्यासाठी.”

“याआधी कुणी घेतलंय?”

“पुष्कळांनी.”

“तक्रार?”

“एकाचीही नाही.”

“भेटतात का तुम्हाला?”

“दिसतात की स्पर्धांना,” सर हसले. “ओळख देत नाहीत. मोठी झाली पोरं!”

ताई हसली नाही. तिने डबा परत सरकवला. तिच्यात आणि बारक्यात त्या दिवशी जोरदार जुंपली. मैदानावर ऐकू जाईल इतकी. शेवटी बारक्या पलंगावर बसला, प्लास्टरमधून निघालेला तो काटकुळा पाय पुढे केला आणि हळूच म्हणाला, “ताई, या पायाने मी बसपर्यंत पळू शकत नाही. तूच मोज ना. दर मंगळवारी मोज. काही वावगं दिसलं तर तू म्हणशील त्या दिवशी बंद. तुझ्या शब्दाबाहेर नाही मी.”

ती विरघळली. दहा वर्षं लोकांचे पाय हाताळणाऱ्या बाईला वाटलं, मोजते आहे तोवर माझ्या हातातून काय सुटणार?

३

तिसऱ्या मंगळवारी तिने बारक्याला पालथं झोपवलं आणि सवयीने डोळे मिटले. तपासताना ती नेहमी डोळे मिटायची. डोळे उगाच मध्ये बोलतात, म्हणायची.

तुटलेला टेंडन जुळून आला की तिथे गाठ राहते. सर्जन कितीही हुशार असो, बोटाखाली ती जाड जागा लागतेच, आणि जन्मभर लागते. तिचा अंगठा टाचेपासून निघाला, वर वर गेला, पोटरीला पोचला, आणि त्याला वाटेत काहीही लागलं नाही. आपण डावा पाय धरला असणार, असं समजून तिने डोळे उघडले. उजवाच होता. आणि अकरा टाक्यांची ती शिवण पुसट झाली नव्हती. ती नव्हतीच.

“बारक्या, टाके कुठे गेले रे?”

“पळून गेले,” उशीत तोंड खुपसून तो म्हणाला. “सरावात माझ्या पुढे आहेत.”

तिने फोटो काढून सर्जनला पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. “ताई, गडबडीत दुसऱ्या पायाचा फोटो आलाय.”

“नाही डॉक्टर, उजवाच आहे.”

“मग दुसऱ्या माणसाचा असेल. मी शिवलेला पाय मी ओळखतो हो,” ते म्हणाले, आणि बाहेर पेशंट थांबलेत म्हणून फोन ठेवला.

सरांना सांगितलं तर ते खो खो हसले. “लोक डाग जावेत म्हणून मलमं चोपडतात, आणि तू डाग गेला म्हणून सुतकी तोंड करून बसलीस!” बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. बरं होण्यासाठीच तर सगळं चाललं होतं. ते बेताने झालं असतं तर ती खूश होती, आणि मनापासून झालं तर हिचं पोट दुखतंय, असं कसं चालेल? तिने स्वतःला दटावलं आणि वहीत लिहिलं, ‘फरक एक.’

तरी घरी जाताना बसमध्ये तिचा अंगठा आपला आपणच तर्जनीवर घासत होता, काहीतरी चाचपडत असल्यासारखा.

४

पाचव्या आठवड्यात, सकाळी पाव खाता खाता बारक्या थबकला. तोंडातून काहीतरी काढून त्याने बशीच्या कडेला ठेवलं. राखाडी रंगाचा, तांदळाएवढा धातूचा तुकडा.

“पावात खडे घालायला लागले आता,” तो म्हणाला.

ताईने तो तुकडा उचलला. दहावीत असताना बारक्याच्या दाढेत भरलेली चांदी होती ती. “आ कर,” ती म्हणाली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. चांदी पडली की मागे भोक राहतं; तिथे भोक नव्हतं. दाढ भरीव होती, पांढरीशुभ्र, काल उगवल्यासारखी.

आणि इतक्या जवळून तोंडावर उजेड पडलेला असताना तिला त्याची डावी भुवई दिसली. अखंड.

“तुझी भुवई भरून आली.”

“भुवईला काय झालं होतं?”

“बारक्या, झोपाळा!” तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “मी झोका उंच चढवला होता आणि तू मध्ये आलास. तीन टाके पडले. आईला सांगितलं, दारावर आपटला. विसरलास?”

तो शेजाऱ्याच्या घरची हकीकत ऐकावी तसं ऐकत होता. “असं झालं होतं का?” तो म्हणाला. “बरं.”

पाच वर्षांच्या पोराला काय आठवणार, असं कुणीही म्हणेल. पण त्याला आठवत होतं. हवं ते मिळवायचं असलं की बारक्याचं ठरलेलं हत्यार होतं, “आईला झोपाळ्याचं सांगू?” त्यावर त्याने तिच्याकडून सायकल उकळली होती, बूट उकळले होते, गेल्या वर्षी तर आख्खा मोबाइल. बावीस वर्षं जपलेलं हत्यार माणूस असं ‘बरं’ म्हणून टाकून देतो होय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आई ओट्यापाशी कौतुकाने म्हणाली, “रंग बघ कसा उजळलाय माझ्या पोराचा.”

बारक्या सरावाला गेल्यावर ताईने फ्रिजच्या दारातली चालू बाटली काढली. सुईने त्यातलं पाणी ओढून बेसिनमध्ये सोडलं आणि तेवढंच सलाइन आत भरलं. पूड असलेल्या उरलेल्या बाटल्या तिने आपल्या कपाटात साड्यांखाली दडवल्या आणि डब्यात सलाइनच्या ठेवल्या; पूड विरघळवून द्यायचं काम तसंही तिचंच होतं. दगा देणं तिच्या अंगवळणी नव्हतं.

पुढले पंधरा दिवस बारक्या रोज सकाळी, इमानेइतबारे, मिठाचं पाणी टोचून घेत राहिला.

५

‘फरक नाही.’ त्यापुढच्या मंगळवारीही ‘फरक नाही’.

ती वही मिटत असताना बारक्या म्हणाला, “ताई, बूट चावतायत गं. एक नंबर मोठे घ्यावे लागतील.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पॅन्ट घोट्याच्या वर गेली होती. खांदे सदऱ्यात मावत नव्हते. तिने पुन्हा टेप लावली, उजव्या पोटरीला, मग डाव्या पोटरीला. दोन्ही तंतोतंत सारख्या. पण सारख्या म्हणजे केवढ्या? सुरुवातीला याचा चांगला पाय केवढा होता? तिने वही मागे मागे चाळली. पानापानावर फरक लिहिला होता, फक्त फरक. चांगल्या पायाचं माप तिने कधी टिपलंच नव्हतं. चांगल्या पायाला कोण विचारतं? फूटपट्टीच लांबत गेली तर ते कुठल्या वहीत सापडणार! दोन्ही पाय हातात हात घालून कुठेतरी निघून गेले होते आणि ही बाई दर आठवड्याला त्यांना सही देत होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर शिट्टीची दोरी गुंडाळत बसले होते.

“ते बंद करा. त्याला मोजता येत नाही आता मला.”

“बंदच तर आहे,” सर शांतपणे म्हणाले. “तू मिठाचं पाणी भरतेस, ते मला ठाऊक आहे. सुई पहिले थोडे दिवसच लागते. पुढे अंगच शिकतं. मग काही राहू देत नाही.”

“काय राहू देत नाही?”

सरांनी गुंडाळलेली दोरी खिशात टाकली. “जखम,” ते म्हणाले.

त्या दुपारी ती लवकर घरी गेली. बाबांना जाऊन त्या दिवशी बारा वर्षं झाली होती. आई खाटेवर त्यांचं मनगटी घड्याळ मांडीत घेऊन बसली होती, दरवर्षीसारखी. दरवर्षी या दिवशी बारक्या घरात थांबत नसे. सकाळी पळायला जायचा आणि अंधार पडल्यावर, बोलायचं त्राण उरलं नाही की परत यायचा. पंधराव्या वर्षी बाप गेलेला मुलगा. रडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आज तो घरात होता. आईच्या पायांशी उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत होता.

“आई, कुठे लागलंय?”

“लागेल कुठे रे? आजची तारीख विसरलास?”

त्याने घड्याळ उचललं, उलटसुलट केलं, कानाशी धरलं. “हे बंद आहे. आपण नवीन आणू,” तो म्हणाला. मग अगदी मायेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “सरांकडे सुई आहे, आई. टोचली की काहीच दुखत नाही.”

तो उठून खिडकीपाशी गेला. आईने डोळे पुसले आणि ताईला म्हणाली, “किती सावरलंय बघ लेकरू. बरं झालं बाई.”

“बारक्या,” ताईने हाक मारली. तो वळला नाही. “बारक्या!” तिसऱ्या हाकेला तो वळला, पण तिच्याकडे बघायला नव्हे. त्याने खोलीभर नजर फिरवली. ही कुणाला बोलावते आहे आणि तो माणूस कुठे बसलाय, ते शोधायला मदत करावी तशी.

तिला कळत होतं, काय भरून येत होतं ते. तापाची जखमही भरून आली होती. ते सहा महिने, ते केकाटणं, तिचे ते चोळणारे हात, त्या तापाने दिलेलं नाव, सगळं साफ बुजलं होतं. आणि ती वही घेऊन पोलिसांत गेली असती, डॉक्टरकडे गेली असती, तर काय सांगणार होती? माझा भाऊ बरा झालाय, त्याला वाचवा?

६

चाचणी सकाळी दहाला होती. स्वच्छ ऊन, भरलेल्या पायऱ्या. ताई कुंपणाच्या आत बर्फाची पेटी घेऊन उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा, भाऊ हरावा म्हणून तळमळत होती. बारक्या पळताना नेहमी डावा खांदा पाडायचा. तापाची खोड होती ती, कुठल्याही प्रशिक्षकाला मोडता आली नव्हती. आज पहिल्या वळणावरच तिने पाहिलं, दोन्ही खांदे सरळ रेषेत होते. तिसऱ्या फेरीत तो सगळ्यांना सोडून निघून गेला. तोंडावर ना दम, ना जिद्द. रिकाम्या रस्त्याने माणूस चालावा तसा तो पळत होता.

पायऱ्यांवरून आई दोन्ही हात हलवत होती. त्याने वर बघून हात हलवला. गर्दीला हलवतात तसा.

मग तो पायऱ्यांखालच्या खोलीत आला. सरांनी निवडीचा कागद त्याच्या हातात दिला होता, फिजिओची सही हवी होती म्हणून. ताईने कागद वाचला. रकाने नीटनेटके भरले होते. पूर्वीचे आजार, नाही. पूर्वीच्या दुखापती, नाही. त्याखाली होतं, जवळचे नातेवाईक. तिथे कोरं होतं.

“हे राहिलंय,” ती म्हणाली. तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

त्याने वाकून रकाना पाहिला. खरोखर विचार केला. “तिथे काय लिहितात?” त्याने विचारलं.

वर पायऱ्यांवर लोक नाचत होते, छतातून धूळ पडत होती. ताईने कागद बाजूला ठेवला. “झोप,” ती म्हणाली. “बघू दे.”

त्याने घामाने चिकटलेला बनियन डोक्यावरून काढला आणि शहाण्यासारखा उताणा झोपला. ती सवयीने पोटऱ्यांकडे वळणार, तोच तिची नजर मध्येच अडकली. बरगड्यांपासून चड्डीच्या नाडीपर्यंत त्याचं पोट सपाट होतं. घामाने चमकत होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. घाम आहे म्हणून असं दिसतंय, ती मनाशी म्हणाली. ट्यूबलाइट मागे आहे, माझीच सावली पडली आहे. ती बाजूला सरकली. सावली गेली. तिने डोळे घट्ट मिटले आणि तळवा त्याच्या पोटावर ठेवला. एकदा आडवा फिरवला, एकदा उभा. नाळ तोडून आईपासून सोडवताना प्रत्येकाला होते ती सगळ्यांत पहिली जखम, आणि तिची बोटाएवढी खूण. तळव्याला ती कुठेच लागली नाही.

बाहेरून आईची हाक आली. “बारक्या! ए बारक्या, बाहेर ये रे, बघू दे तुला!”

गोंगाटातला एक आवाज म्हणून तो तेवढा ऐकून घेत पडून राहिला. मग त्याने मान उचलून तिच्याकडे पाहिलं.

“काही लागलंय का मला?”

“नाही,” ती म्हणाली. “कुठेच काही नाही.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. नजरेत दया होती, अनोळखी बाईबद्दल भल्या माणसाला वाटावी तेवढी.

“मग तुम्ही कशाला रडताय?”